हँडलखालचं कुंकू

बॉथेल, अमेरिका, शनिवार, १८ सप्टेंबर २००४

सायकल घेतली नाही. नात माझ्याशी बोलत नाहीये. सोमवारपासून ऋतुजाचं कॉलेज सुरू, बसचा थांबा लांब, आणि इतकी स्वस्त सायकल पुन्हा मिळायची नाही, हे मलाही कळतं.

पण एवढी स्वस्त का? विकणारा गोरा पोरगा सारखा रस्त्याकडे बघत होता. "मीच दुकानातून नवी घेतली, दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही," असं सांगत होता. मी आपली ब्रेक दाबून बघत होते, तर हँडलखाली बोटाला लाल काहीतरी लागलं.

"आजी, इट्स जस्ट रस्ट!" ऋतुजा म्हणाली.

गंज? जन्म गेला माझा कुंकू लावण्यात! सांदीत हळदही होती. ऋतुजाला विचारायला लावलं, तर तो म्हणे, "पेंट असेल." आणि लगेच किंमत आणखी उतरवली. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. पोरीला ओढतच घरी आणलं.

आता वाटतं, त्याने एखाद्या भारतीय मुलाकडून विकत घेतली असेल तर? मग नवी घेतली असं का सांगितलं? नाही. कुणाच्या तरी आईने पूजा करून दिलेली, चोरीला गेलेली सायकल ती. तिच्यावर माझ्या नातीला कशी बसवू?

आत्ता ऋतुजा दारात आली होती. अजून फुगलेलीच.

"कॉलेजच्या बोर्डवर 'सायकल चोरीला गेलीय का?' अशी चिठ्ठी लावते आजी. कुंकू कुठे लावलं होतं ते जो बरोबर सांगेल, त्यालाच त्या मुलाचा पत्ता द्यायचा. ओके?"

ओके म्हटलं. सोमवारी थांब्यापर्यंत मीही चालेन तिच्याबरोबर. इथल्या पावसाचा नेम नाही, दोघींना पुरेल अशी मोठी छत्री काढून ठेवायला हवी.