गाडी चोरीला गेलेली नाही

मी खाली सही करणारी गुनवोर ओसेब्यो, वय वर्षे एक्क्याऐंशी, सिगुर ओसेब्योची विधवा, राहणार नेसविक, फेरीबोटीच्या धक्क्याच्या वरचं पिवळं घर, हे माझं शेवटचं इच्छापत्र माझ्याच हाताने लिहिते आहे. शाळा सात वर्षं झाली, तीही एक दिवसाआड, तेव्हा अक्षराला कोणी हसू नये. डोकं ठिकाणावर आहे. हे मी म्हणते म्हणून नव्हे. डॉक्टरीणबाईंनी गेल्या आठवड्यात तपासून तसा कागद दिला आहे, तो सोबत टाचला आहे. टाचणी कुठे मारली ते दोन्ही साक्षीदारांना दाखवून ठेवलं आहे. कागद पुढे गहाळ झाला, तर तो कोणी केला हे शोधायला फार लांब जावं लागणार नाही.

याआधी केलेलं मृत्युपत्र मी रद्द करते. कारण असं, की माझा एकुलता एक मुलगा ऑडवार म्हणतो की त्याच्या बायकोने, वेंकेने, माझी गाडी चोरून नेली. पोलिसात द्यायची तक्रार तो टाइप करून घेऊन आला, खाली सही तेवढी माझी हवी होती. मी केली नाही. तेव्हा म्हणाला, "मग आई, तुझं डोकं तपासून घ्यावं लागेल." म्हणून तपासून घेतलं.

वकील केला नाही. या खोऱ्यात वकील एकच आहे आणि तो ऑडवारबरोबर मासे धरायला जातो.

कलम एक. घर, होडीची शेड आणि मागची जमीन. यातला दोन तृतीयांश भाग कायद्यानेच ऑडवारला जातो, त्यावर माझं काही चालत नाही. चाललं असतं तर मी विचार केला असता. उरलेला एक तृतीयांश मी वेंकेला देते, आणि तो तिची एकटीची, स्वतंत्र मालमत्ता राहील. नवरा म्हणून ऑडवारचा त्यावर काडीचा हक्क राहणार नाही, लग्न टिकलं तरी आणि मोडलं तरी. बँकेत जे असेल त्याचीही वाटणी अशीच.

कलम दोन. होडी नातवाला, म्हणजे योस्टाइनला. तो चोवीस वर्षांचा आहे आणि त्याने गाडीचं लायसन्स फक्त बिनगिअरचं काढलं. मी विचारलं, असं अर्धवट लायसन्स कशाला? तर म्हणाला, "आजी, आता गिअर कोणाला लागतो?" त्याच्या वयाची असताना मी घाटातून दुधाचा ट्रक चालवत होते, बर्फात, दोनदा क्लच दाबून गिअर खाली आणत. अर्ध्या गावाला मी या धक्क्यावर गाडी शिकवली. आज गावात गिअरची गाडी धड चालवू शकतील अशी तीन माणसं उरली आहेत, आणि तिघांचीही नावं या कागदावर आहेत. होडीला गिअर नाही, तेव्हा ती योस्टाइनला जमावी.

कलम तीन. गाडी. निळी स्टेशन वॅगन, सन १९९२ची, पुढचे पाच गिअर आणि मागचा एक. ती माझ्या मिळकतीत शोधू नये. ६ फेब्रुवारी रोजी मी ती वेंकेच्या नावावर करून दिली आहे. कागदांवर दोघींच्या सह्या आहेत आणि ते वाहन कार्यालयात पाठवल्याची पावती माझ्या शिवणाच्या पेटीत आहे. पेटीची किल्ली कुठे असते ते लिहीत नाही. हे कसं झालं ते मात्र सविस्तर लिहिते, म्हणजे मागून कोणी आपल्या सोयीची गोष्ट रचायला नको.

माझी गाडी घराच्या उतारावर उभी असते, तोंड धक्क्याकडे. अशी गाडी रिव्हर्समध्ये टाकून ठेवायची. नुसत्या हँडब्रेकवर विसंबलेल्या मास्तरांची गाडी पाण्यात जाताना मी लहानपणी पाहिली आहे. गेल्या ऑक्टोबरात एका शुक्रवारी मी गाडीत बसले, दांड्याला हात लावला, तर दांडा मध्येच सैल हलत होता. न्यूट्रल. आत वास येत होता, शेगडीवर बूट जळावा तसा.

मी कोणालाही काही बोलले नाही. बोललं की माणसं सावध होतात.

आधी संशय घेतला शेजारच्या आर्विडवर, कारण १९९८ सालापासून माझी करवत त्याच्याकडे आहे. पण आर्विड सहा फुटी माणूस, त्याने सीट मागे सरकवली असती. सीट जागची हलली नव्हती. योस्टाइनला ती सुरूच करता आली नसती. मग राहिला ऑडवार. गाडी विकायला काढली असणार, गिऱ्हाइकाला फिरवून दाखवत असणार, असं मी धरून चालले. पण त्या वासाने मला दुसरंच सांगितलं. ज्याला गाडी येतच नाही तो ती बंद पाडतो, क्लच जाळत नाही. ज्याला चांगली येते तोही जाळत नाही. अर्धा क्लच दाबून चढावर गाडी धरून ठेवणारा माणूस म्हणजे कधीकाळी शिकलेला आणि मग विसरलेला.

दर गुरुवारी मी सभागृहात विणकामाला जाते. दर गुरुवारी वेंके घर साफ करायला यायची. ती माझी कपाटं बघायला येते अशी माझी वीस वर्षं खात्री होती. पुढच्या गुरुवारी सगळ्यांना सांगून, पिशवी घेऊन मी निघाले आणि वळसा घालून लाकडाच्या खोपीत जाऊन बसले. सोबत कॉफीचा थर्मास होता.

वेंके आली. त्यांची विजेची गाडी अंगणात लावली, बादली घेऊन आत गेली, आणि पाच मिनिटांत माझी किल्ली घेऊन बाहेर आली. माझ्या गाडीत बसली. गाडी तीनदा बंद पाडली. चौथ्यांदा ती बेडकासारखी उडी मारून थांबली. वेंकेने तिला ज्या शिव्या दिल्या त्या मी तिच्या तोंडून कधी ऐकल्या नव्हत्या. मी खोपीतून निघाले, दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि शेजारी जाऊन बसले.

"आई," ती म्हणाली, "मी तुम्हाला सांगणारच होते."

"कधी? क्लच जळून गेल्यावर? ऑडवारने पाठवलं ना? किती मिळतायत माझ्या गाडीचे?"

"ऑडवारला माहीत नाही."

"तुझ्या खिशातला फोन त्याला सगळं सांगतो असं तूच म्हणतेस."

"फोन ओट्यावर आहे," ती म्हणाली. "तो घर झाडतोय."

मग तिने सांगितलं. त्यांची गाडी कुठे गेली, कुठे किती वेळ थांबली, दार कधी उघडलं, हे सगळं ऑडवारला कामावर बसून दिसतं. औषधाच्या दुकानासमोर बारा मिनिटं कशाला? बहिणीकडे जाताना सरळ रस्ता का घेतला नाहीस? गाडीच्या आधी फोन होता, फोनच्या आधी दुकानातल्या पावत्या होत्या. तेरा वर्षं. "तुमची गाडी कोणाला काही सांगत नाही," ती म्हणाली. "म्हणून."

विश्वास ठेवायची मला सवय नाही. मी म्हटलं, दाखव. आम्ही आत गेलो. त्या एका सकाळचे त्याचे नऊ निरोप होते. मी हळू वाचते, पण नऊच्या नऊ वाचले. मग फोन होता तिथे ठेवला आणि तिला म्हटलं, चल.

"लायसन्स कुठलं आहे तुझं?"

"गिअरचंच. एकोणिसाव्या वर्षी काढलं. नंतर कधी हात लागला नाही."

"हाताचं नंतर बघू. बूट काढ."

"या थंडीत?"

"मोजे आहेत ना? जाड बुटातून क्लच कळत नाही. हं, दाब. पहिला टाक. आता पाय उचल. अगं, तो नाही, डावा. त्या तुमच्या गाडीत डावा पाय पाहुण्यासारखा बसून असतो, इथे त्याला काम आहे. हळू. आणखी जरा. आता गाडी कंबर ताठ करते, कळलं? तिथेच थांब."

"मला काही कळत नाहीये, आई."

"ऐकू नकोस, बघू नकोस. ढुंगणाला कळतं ते."

ती हसायला लागली आणि गाडी बंद पडली.

तिची खोड एकच होती. विजेच्या गाडीत पाय उचलला की गाडी आपसूक थांबते, त्यामुळे उतारावर ती गिअर काढून टाकायची आणि गाडी सुटली की ओरडायची. "उतारावर इंजिनाने धर," मी सांगत राहिले, "दुसऱ्यात टाक, तिची तीच थांबते." नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. जानेवारीत बर्फावर शिकवलं. माझ्याकडून शिकलेल्यांत ती सर्वांत ढ, आणि एकही गुरुवार न चुकवलेली ती एकटीच.

८ फेब्रुवारी, गुरुवार. नेहमीसारखी बादली घेऊन आली. फोन ओट्यावर ठेवला, त्यांची गाडी अंगणात ठेवली, माझी, म्हणजे तिची स्वतःची, गाडी घेतली आणि धक्क्यावर गेली. भरती होती, त्यामुळे फेरीत शिरायचा लोखंडी पूल वर उचललेला, चांगला चढ. ती ऐन मध्यावर आली आणि फेरीवरच्या सोलव्हेगने हात दाखवून थांबवलं, पुढचा ट्रक अजून जागेवर लागत नव्हता. मागे मासळीचा टेंपो अगदी खेटून. तिथे गाडी मागे आली असती तर टेंपोवर आदळली असती, पंचनामा झाला असता आणि दुपारच्या आत ऑडवारच्या कानावर गेलं असतं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत बटाटे सोलत होते. सोलव्हेगने हात खाली केला. गाडी बोटभरही मागे आली नाही. सरळ आत गेली.

तीन वाजता ऑडवारचा फोन आला. "वेंके तिथेच आहे ना?"

"तुमची गाडी माझ्या अंगणात उभी आहे," मी म्हणाले.

"हो, ते दिसतंय मला."

"मग विचारतोस कशाला?"

यात मी एक शब्द खोटा बोललेले नाही. ती कुठे गेली हे मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि तिला सांगूही दिलं नाही. माझ्या तोंडाचा मला फारसा भरवसा नाही.

कलम चार. आर्विडला काहीही ठेवलेलं नाही. तो साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही दिलं तर ते रद्द होतं. त्याने विचारलं, "मग करवत?" मी म्हणाले, "ती परत आण, आणि कोणाला सांगू नकोस की मी आठवण केली." सोलव्हेगलाही याच कारणाने काही नाही. तिने विचारलं नाही.

कलम पाच. ऑडवारला, कायद्याने जातं त्याखेरीज, पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यातल्या बावीस वह्या. त्यात त्याच्या वडिलांच्या गाडीचे किलोमीटर आहेत, रोजचे, सकाळचे आणि संध्याकाळचे. सिगुरने मासळीच्या कारखान्यात जातो म्हणून सांगावं आणि मी आकडा पाहून खात्री करून घ्यावी, असं बावीस वर्षं चाललं. पहिल्या काही वह्यांतलं अक्षर ऑडवारचं आहे. जा रे, गाडीतला आकडा बघून ये, असं मीच त्याला पाठवत असे, आणि तो अगदी बिनचूक लिहून आणायचा. त्याने या वह्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्यात. बावीस वर्षांत एक किलोमीटर जास्तीचा सापडला नाही. पुढे पुढे सिगुर घरी आला की आधी आकडा सांगायचा आणि मग टोपी काढायचा. दुसरं काही तो फारसं बोलत नसे. मी ते समाधान समजत होते.

कलम सहा. अंत्यविधी. नेसविकच्या चर्चमध्ये, थोडक्यात. भाषण करायचं नाही. पाद्रीबाईंना माझ्याबद्दल काही चांगलं सांगायचं झालं तर त्यांना ऑडवारला विचारावं लागेल, आणि तो काय सांगेल याचा नेम नाही. नंतर कॉफी आणि मटणाचं सूप द्यावं, केक बाहेरून आणू नये.

मृत्यूची बातमी पेपरात आठ दिवसांनी द्यावी, मला पुरून झाल्यावर. आधी कोणत्याही कारणाने नाही. छापायला पाठवायचं काम सोलव्हेगकडे दिलं आहे, ऑडवारकडे नाही. वेळेवर कळलं तर वेंके येईल. तिला मी ओळखते, ती येईलच. आणि ऑडवार चर्चच्या फाटकात उभा असेल.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला आहे, तो बरोबर आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही. आणायला एक जण आला होता, त्याला कॉफी देऊन परत पाठवलं.

स्थळ: नेसविक
दिनांक: १२ मार्च २०२४
सही: गुनवोर ओसेब्यो

आम्ही दोघे एकाच वेळी हजर असताना गुनवोर ओसेब्यो यांनी आमच्यासमोर सही केली. त्या शुद्धीवर होत्या आणि आपण काय करतो आहोत हे त्यांना नीट कळत होतं. सही करण्याआधी त्यांनी आमची ओळखपत्रं मागून पाहिली.

साक्षीदार:
आर्विड स्काइद, शेजारी
सोलव्हेग ब्रेक्के, फेरी कर्मचारी