एका टेबलावरची चार घरं

रविवार, ९ नोव्हेंबर

फ्लॅट पसंत पडला — चौघांनाही! आमच्या घरात हे नवलच. पडेगावच्या साइटवर गेलो होतो: मी, कृष्णा, मामंजी आणि पैठणहून मुद्दाम बोलावलेली माझी आई. तिथं एक पांढरं टेबल, वरून त्यावर प्रोजेक्टरचा उजेड. त्यांनी प्रत्येकाला दिलेला चष्मा घातला की टेबलावर अख्खा फ्लॅट उभा राहतो, काढला की नुसती गिचमिड. तिथल्या मंजुषा नावाच्या पोरीनं आधी एकेकाला बाजूला घेऊन विचारलं, तिसरी खोली कशी पाहिजे? मी सांगितलं, आईसाठी. खिडकीशी पलंग, बाथरूममध्ये धरायला दांडी. आणि तस्संच दिसलं. आई गुडघ्यांनी बेजार, पैठणला एकटी. मला भरूनच आलं.

कृष्णा म्हणाला, "बास, हीच खोली." मामंजी म्हणाले, "झकास." आई म्हणाली, "लई चांगली हाय." बुकिंग करूनच आलो.

मंगळवार, ११

कृष्णा मित्राला फोनवर सांगत होता — तिसऱ्या खोलीत ऑफिस टाकतोय. मी म्हटलं, कसलं ऑफिस? तिथं आईचा पलंग आहे. तर म्हणतो, "कुठला पलंग? मोठं टेबल होतं, दोन कॉम्प्युटर होते. तूच तर मान हलवलीस." मामंजींना विचारलं. त्यांना देवघर दिसलं, संगमरवरी!

डोकं सणकलं.

बुधवार, १२

मंजुषाला फोन करून झाडलं. ती थंडपणे म्हणते, "मॅडम, प्रत्येक चष्म्यात वेगळं चित्र जातं. ज्याला त्याला आपापलं घर दिसावं, म्हणूनच आहे ते."

म्हणजे कोपराला कोपर लावून बसलो आणि वेगवेगळ्या घरांना पसंती दिली. आमची माणसंच तशी. एकमेकांसमोर तोंडातून शब्द काढणार नाहीत, परक्या पोरीला मात्र मनातलं सगळं सांगतील. कृष्णा वर मलाच विचारतो, "आईला आणायचंय असं तू कधी बोललीस?" का बोलायचं? मामंजी राहायला आले तेव्हा मला कुणी विचारलं होतं? कपाट रिकामं कर म्हणाले, केलं.

शनिवार, १५

डबा दिला. बोलले नाही.

रविवार, १६

आज मामंजींच्या समोरच सांगून टाकलं. आई येणार नसेल तर माझी सही विसरा. कर्ज दोघांच्या नावावर आहे, माझ्या पगाराशिवाय बँक दारात उभं करणार नाही. आवाज चढला माझा. चढू दे. आठ वर्षं खालच्या आवाजात बोलून काय मिळालं?

मामंजी म्हणाले, "देव काय, हॉलच्या कोपऱ्यात बी राहतेत. विहीणबाईंना खोली द्या." कृष्णा उठून गॅलरीत गेला. परत आला तो तोंड एवढंसं करून. "ठीक आहे. आण."

जिंकले एकदाची.

सोमवार, १७

दुपारी आईला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी कशाला येऊ गं? मला माझं पैठण बरंय. अन् पलंग कुठं व्हता तिथं? मी त्या पोरीला म्हणलं व्हतं, माझ्या तनूला दार लावून निवांत बसायला खोली दाव. तीच बघून आले मी."

फोन ठेवला. त्या खोलीत माझ्यासाठी काय काय मांडलं होतं, तेही विचारलं नाही.