पावलांना ओ देणारा रातकिडा

४ जुलै

पोचलो एकदाचे! जीपमध्ये हाडं खिळखिळी झाली, पण अरण्याच्या कडेचं हे लाकडी केंद्र पाहिलं आणि सगळा शीण पळाला. खांबांवर उचललेलं घर, पायाखाली फळ्या, खिडक्यांना बारीक जाळी आणि माझ्या टेबलावर चक्क नवाकोरा सूक्ष्मदर्शक! सोबत माझा धाकटा आतेभाऊ आहे, फोटो काढायला. चष्म्याच्या काचा एवढ्या जाड की घरात सगळे त्याला भिंगच म्हणतात. चष्मा काढला तर त्याला ताटातलं वाढलेलंही दिसत नाही. स्वयंपाकाला मावशी आहेत. किडे पकडायला एवढी शिकलेली माणसं कशाला लागतात, असं त्यांनी आल्या आल्या विचारलं. किडे अडाण्यांशी बोलत नाहीत, असं भिंगाने सांगितल्यावर बिचाऱ्या तोंड फिरवून हसत सुटल्या.

इथल्या ध्वनिमुद्रणात एका अनोळखी रातकिड्याचा आवाज सापडलाय. तो पकडायचा, त्याची प्रजाती नवी आहे हे दाखवायचं, वर्णन लिहायचं आणि नाव द्यायचं. नाव ठरवायचा मान विद्यापीठातल्या मॅडमनी मला दिलाय. भिंग म्हणतो, माझंच नाव दे. मी म्हटलं, आधी किडा तर सापडू दे.

६ जुलै

सापडला! कुजक्या ओंडक्याच्या सालीखाली, भरदिवसा. बोटाच्या पेरापेक्षा लहान, काजूच्या सालीच्या रंगाचा, मिशा अंगाच्या तिप्पट. नर रातकिडे पंखावर पंख घासून गातात. पंखाखाली कानशीसारखी दातांची रांग असते, आणि याची रांग कुठल्याच नोंदलेल्या प्रजातीशी जुळत नाही. आनंदाने लगेच चित्र काढायला बसले.

एक गंमत. पाऊल वाजलं की सगळे रातकिडे गप्प होतात. हा उलटा आहे. कोणी चालत आलं की गायला लागतो. माणूस स्थिर बसला की थोड्या वेळाने थांबतो.

८ जुलै

दिवसभर तपासलं. टाळ्या वाजवल्या, हाका मारल्या, पठ्ठ्या ढिम्म. पण भिंग जिन्यावर चढला की याचं सुरू. म्हणजे आवाजाला नाही, पायाखालच्या हादऱ्याला ओ देतो. मांजरालासुद्धा देतो. सासू येतेय हे कळायला अशी दाराची घंटा सगळ्या सुनांना वाटून दिली पाहिजे, असं भिंगाचं मत. अजून एक नर मिळाला. एक पिंजरा माझ्या टेबलावर ठेवलाय, एक बाहेर व्हरांड्यात.

११ जुलै

आज एक विचित्रच झालं. दुपारी काम करत बसले होते. व्हरांड्यात पावलं वाजली, मावशी दाराशी आल्या आणि चहा झालाय म्हणून हाक मारली. आले म्हटलं, दार उघडलं, तर कोणीच नाही. स्वयंपाकघरात मावशी भिंतीला टेकून गाढ झोपलेल्या, चूल थंड.

पावलं मी स्वच्छ ऐकली. मग किडे का नाही गायले? दोन्ही ठणठणीत आहेत. मावशी उठून माझ्याकडे आल्या तेव्हा दोघांनी घर डोक्यावर घेतलं.

१२ जुलै

जेवताना मावशींनी विचारलं, सकाळी मागच्या दाराशी उभ्या राहून नुसत्या बघत काय होतात? मी सकाळभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते. तसं म्हटल्यावर त्यांचा हात ताटावरच थांबला. मग पुटपुटल्या, तरीच फळी वाजली नाही.

भिंग हसला. मीही हसले.

१४ जुलै

सामानाच्या जीपने मावशी गेल्या. मला हाताला धरून म्हणाल्या, "ताई, चला हो. किडा काय, पुढच्या वर्षी पण असेल." भिंगही बॅग भरून तयार होता. पण मादी मिळाल्याशिवाय वर्णन अर्धवट राहील, असं मॅडमनी फोनवर सांगितलं होतं आणि मलाही ते हवंच होतं. दोनच दिवस, असं मी भिंगाला विनवलं. त्याने बॅग खाली ठेवली. माझ्यासाठी ठेवली.

१६ जुलै, दुपार

भिंग सकाळी ओढ्याकडे गेला, मादी शोधायला. मी लेबलं लिहायची म्हणून थांबले.

आत्ता आला. हाक मारली, आत आला, खुर्चीत बसला. मादी नाही मिळाली म्हणाला.

दोन्ही किडे गप्प.

पिंजऱ्याच्या जाळीवर टिचकी मारली. मी उठून चालले, लगेच गायले. तो उठून पिंजऱ्याशी गेला, वाकून पाहिलं – नाही. एक सूर नाही.

त्याच्या डोळ्यांवर चष्मा नाही. विचारलं तर पडला कुठेतरी म्हणाला. वाट कशी दिसली, ते विचारायचं धाडस –

थोड्या वेळाने

बाहेरून कडी लावून ओढ्याकडे जायचं ठरवलं. दारापर्यंत गेले तर हा आधीच दारात उभा. ताई, कुठे निघालीस? आवाज त्याचाच. तीळसुद्धा त्याचाच, हनुवटीवरचा. फक्त दारातली ती सैल फळी, जी माझ्या पायाखाली कुरकुरते – त्याच्याखाली नाही.

परत येऊन बसले. जीपवाल्याला फोन केला. उद्या येतो म्हणाला. उद्या.

भिंगा, कुठे आहेस रे. तुला मी थांबवलं. मी.

संध्याकाळ

समोर बसलाय. जेवला नाही. पाणी नाही. पापणीही लवत नाही.

मी काय लिहितेय ते तिकडूनच वाचून दाखवलं. शब्दन्‌शब्द. वाचू दे.

व्हरांड्यातला किडा!

गातोय. खरंच गातोय – कोणीतरी जिना चढतंय, पाय ओढत, थांबत थांबत. आता टेबलावरचाही –

"ताई, दार उघड."

भिंग. माझा भिंग.

हा उठलाय. दाराला पाठ लावून उभा राहिला. म्हणतो, "उघडू नकोस, तो मी नाही." अगदी मायेने म्हणतो.

मी खुर्ची घेणार आणि त्याच्या – नाही, खिडकीतून, जाळी फाडून –

भिंगा, तिथेच थांब, मी आले, हालू नकोस, नाही, हालत राहा, मला ऐकू येऊ दे, मी –

दोन्ही किडे एकदम गप्प झा