नलूले आणाची मोटार

मु. आंजी
दि. ९ फेब्रुवारी १९५५

चि. सौ. नलू,

बाबाचा आशीर्वाद. जावईबापूले रामराम, तुह्या सासूबाईले नमस्कार. इकडं सारं बरं हाये.

तुहं पत्र भेटलं. सातवा सरला, बाळंतपणाले न्याले कवा येता म्हणून सासूबाई रोज विचारते म्हणतं. विचारू दे! मी काई विसरलो नाई. जावईबापू म्हणते बैलगाडी धाडा. नाई धाडणार. काऊन, ते विचारू नोको. मोटार तयार झाली का येतो.

हो, मोटार! मालगुजाराच्या गोठ्यात जिच्यावर कोंबड्या बसत होत्या, तीच विकत घेतली. बैल जुपून वर्ध्याले हिरालालच्या गॅरेजात ओढत नेली, तं सारी आंजी हासाले रस्त्यावर. हिरालालनं बोनट उघडलं, आत उंदराचं घर. म्हणे, "रूपरावजी, चल तो जाएगी, लेकिन टाइम लगेगा." तवापासून माहा जीव थाऱ्यावर नाई. आज वर्ध्याले, उद्या वर्ध्याले. इकडं तूर कापाची राह्यली, तुही माय बोंबलून राह्यली. पण मी समोर उभा नसलो का हिरालाल दुसऱ्याच्याच गाडीखाली घुसते, तं काय करू?

गादीची तं फजितीच झाली. मोटारीतली मागची गादी फाटकी होती. म्हटलं घरचा कापूस पडला हाये, विकत काऊन घ्या? गादी घरी आणली, गच्च भरली, आंगणात ठेवली. सरकी काढाचं ध्यानातच नाई आलं! सरकीच्या वासानं आपली कपिला आली न अर्धी गादी खाऊन गेली. तुही माय हासून हासून भुईवर बसली. मी काठी घेऊन धावलो, पण मारली नाई बाप्पा, गाभण हाये. मग जिनातून, सरकी काढते त्या कारखान्यातून, साफ रुई आणून पुन्हा भरली. तुले गचके बसाले नोको.

परवा मोटार चालू झाली. हिरालाल चालवाले, मी त्याच्या बाजूले. तुह्या मायले मागं बसवलं, तुह्या जागी, गचके किती बसते ते पाहाले. सेवाग्रामच्या दवाखान्यापर्यंत नेली. म्या म्हटलं, जिंकलो! हिरालालसंग खुशीत गप्पा मारून राह्यलो होतो. दवाखान्यासमोर उतरलो, तं तुही माय पांढरीफटक. नाल्याच्या उतारावर मागचं दार उघडलं होतं. दाराले धरून लोंबकळत ती हाका मारत होती, न इंजनच्या आवाजात मले एकही ऐकू आली नाई.

"किती बोंबलली मी!" म्हणे.

हिरालाल म्हणे, "खटका ढीला है, अभी ठीक कर देता." खटका होईन ठीक. पण मी तिथंच दवाखान्याच्या पायरीवर बसलो.

नलू, कमलीचं नाव आपल्या घरात कोणी घेत नाई. आज मी घेतो. तुही मोठी बहीण अशीच बाळंतपणाले आली न अडली. बैलगाडीत टाकून याच दवाखान्यात नेत होतो. तुही माय तापानं घरी पडली होती, संग मनकर्णाबाई सुईण. मी समोर बैल हाकत होतो. मागून आवाज येईना. मले वाटलं, पोरीले झोप लागली. गचके बसू नये म्हणून मी बैल सावकाश हाकले. सावकाश, नलू! मनकर्णाबाईनं मागाहून सांगितलं, बापासमोर कशी ओरडू म्हणून कमलीनं पदर तोंडात कोंबला होता. पुरुषमाणसाले काय सांगाचं म्हणून तीही चूप बसली. पोचलो तवा लेक गेली होती, पोटातलंही.

म्हणून मोटार राहू दे. आंजीलेही येऊ नोको. जावईबापूसंग रेल्वेनं पुलगाव, तिथं गाडी बदलून वर्ध्याले येजो. मी टेसनावर उभा राहीन. दवाखान्याजवळ खोली पाह्यली हाये, तुही माय तिथं तुह्याजवळ राहीन. पहिलं बाळंतपण माहेरच्या घरात केलं नाई म्हणून तुही सासू बोलन, आंजीही बोलन. बोलू दे. हे पत्र सासूबाईले वाचून दाखवलं तरी चालन.

मी दवाखान्यात दाराबाहेरच बसून राहीन. पोरी, दुखाले लागलं का ओरडजो. बाप ऐकते म्हणून लाजू नोको. सारा दवाखाना गोळा झाला तरी ओरडजो. मले ऐकू आलं पाह्यजे.

तुहा बाप
रूपराव