नारिंगी भोपळ्याचा अभ्रा

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा कोरड्या जमिनीवरून साष्टांग नमस्कार. (पाण्यात साष्टांग घालायला गेलं की नाकातोंडात पाणी जातं, हे आता अनुभवाने सांगतो.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचं घोरणं थांबलं, की तूच ऐकायचं सोडून दिलंस? इकडे आम्ही दोघं ठीक. मी तर चक्क जिवंत आहे, आणि त्यात तुझा हात असल्यामुळे हे पत्र.

तू पाठवलेला भोपळा वेळेवर पोचला होता. (भोपळा म्हणजे ती हवा भरायची नारिंगी पिशवी गं, कमरेच्या पट्ट्याला बांधून मागे तरंगत ठेवायची. तिला दुसरं काय म्हणू?) सोबतच्या तुझ्या सूचना मी मोठ्याने वाचून दाखवल्या. एकदम उडी मारू नकोस, आधी हात-मान भिजव, धाप लागली तर हातपाय न झाडता उताणा हो आणि तरंगत राहा. वाचून आम्ही दोघं खूप हसलो. म्हणजे मी हसलो, तुझी भावजय गिऱ्हाइकाचा झगा शिवत होती. अगं, तरण तलावात माझी हयात गेली. आणि आता या वयात शेपटीला फुगा बांधून तळ्यात उतरायचं? इथली निम्मी माणसं माझ्या दुकानातून चष्मे नेतात. त्यांना लांबचं अगदी स्वच्छ दिसतं, तेही माझ्याच कृपेने. तेव्हा मी एक तोड काढली. भोपळ्याला अभ्रा शिवून घ्यायचा, तोही तळ्याच्या रंगाचा. रंग चुकू नये म्हणून तळ्याचं पाणी बाटलीत भरून कापडाच्या दुकानात नेलं. (दुकानदाराने मला बसायला खुर्ची दिली आणि घरी कोण कोण असतं ते विचारलं.) तुझ्या भावजयीने अभ्रा शिवला, पण तोंड शिवून बंद करायच्या ऐवजी तिथे टिचबटणं लावली. एका ओढीत निघाला पाहिजे, एवढंच म्हणाली. मी त्याला कामचुकारपणा म्हटलं.

रविवारी सकाळी तळ्यावर गेलो. तिथे होडीत बसून पहारा करणारा जीवरक्षक आहे, सगळे त्याला कप्तान म्हणतात. त्याला हात केला आणि काठावरच्या दगडावरून झोकात उडी मारली. ताई, तरण तलावाचं पाणी ओळखीचं असतं. या पाण्याने मला ओळखच दाखवली नाही. गारठ्याने छातीच आवळली, श्वास आत येईना की बाहेर जाईना. तरी इरेला पेटून हात मारत बराच आत गेलो, आणि तिथे पोटरीत गोळा आला. सवयीने भिंत धरायला हात लांब केला. तळ्याला मध्ये भिंत नसते.

तेव्हा तुझा आवाज आठवला. लहानपणी काठावर उभी राहून ओरडायचीस ना, तोच. उताणा झालो, भोपळा छातीशी धरला, श्वास हळूहळू जागेवर आला. मग कप्तानाला हाका मारल्या, हात हलवले. त्याने थेट माझ्याकडे पाहिलं, आणि थर्मास उघडून चहा ओतून घेतला. वारा त्याच्याकडून माझ्याकडे होता, आणि मी तळ्याच्या रंगात इतका बेमालूम मिसळलो होतो की काय सांगू. मला भयंकर भीती वाटली, ताई. आणि हाताला टिचबटण लागलं. ओढलं. अभ्रा निघाला, भोपळा लखकन उघडा पडला, आणि कप्तानाने चहा सांडून होडी वळवली.

घोंगडीत गुंडाळून त्याने मला उरलेला चहा पाजला. मी म्हटलं, अहो, तुमचा चष्मा मीच केलाय, नंबर चुकला की काय? तर म्हणाला, "चष्मा झकास आहे हो. तुम्हीच दिसत नव्हतात."

त्या अभ्र्याची तुझ्या भावजयीने चष्मे पुसायची फडकी केली आहेत. गिऱ्हाइकं कापडाची तारीफ करतात. तू भोपळा धाडलास, तिने टिचबटणं लावली, आणि मधल्या मध्ये माझा जीव वाचला. तुम्हा दोघींचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत आणि मला ते फेडायचेही नाहीत, असेच राहू देत. येत्या रविवारी पुन्हा पोहायला जातोच आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. - येत्या रविवारी जातो आहे, हे खरं नाही. त्या दिवसापासून पाण्यात पाऊल टाकवत नाही. अंघोळीची बादलीसुद्धा अर्धीच भरतो. पोहणं सुटलं तर मी फार चिडका होईन गं. तू चार दिवस येशील का? पाण्यात उतरायला नको. काठावर नुसती उभी राहा आणि ओरड.

ता. क. (अक्षर बदललंय, मी लिहितेय) - ताई, पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं म्हणून कळवते. काल हे तळ्यात उतरले. पाणी घोट्यापर्यंत होतं, अंगात दुकानात जायची शर्ट-पँट होती, आणि भोपळा कमरेला, उघडा. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून विचारत होते, लांबून दिसतो ना? तेव्हा लवकर या.