न दिसलेला बॉल

प्रिय दादा,

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून दचकू नकोस. फोनवर तू माझं कुठे ऐकून घेतोस? दोन वाक्यं झाली की बरं बरं म्हणत फोन वहिनीच्या हातात देतोस, आणि वहिनीशी बोलण्याच्या नादात जे बोलायचं ते राहूनच जातं. म्हणून म्हटलं, आता कागदावर तरी तुला धरून बसवू. अक्षर मोठं काढलंय, हसू नकोस. सकाळची पाळी संपली, बस डेपोत लावली, घरी आलास, की चहा घे आणि मग वाच. उभ्या उभ्या वाचायचं पत्र नाही हे.

भिंगरीबद्दल लिहायचंय हे तू ओळखलं असशीलच. तशी तुझी लेक मजेत आहे. जेवते पोटभर, शाळेच्या तक्रारी नाहीत, आणि माझी चांगली उशी तिने केव्हाच ढापलीये. काळजी टेनिसची आहे. आमच्या क्लबात ज्युनियरमधून मोठ्या तुकडीत कुणाला घ्यायचं ते या महिन्यात ठरतंय. याच तुकडीसाठी तू काळजावर दगड ठेवून पोरीला माझ्याकडे पाठवलंस, आणि ती इथे आल्यापासून उठता बसता त्याच तुकडीचं नाव घेते. मध्यंतरी आमच्या मोठ्या कोचनी मला बाजूला घेतलं आणि सरळ विचारलं, तुझी भाची बाहेरच्या कोर्टावर वाघीण असते आणि आत आली की शेळी होते, हे काय गौडबंगाल आहे?

आत म्हणजे आमच्या हॉलमध्ये. तू पाहिला नाहीस तो. पूर्वीचं गोदाम आहे, वर पत्रा, खाली हिरवी जमीन, तीन कोर्ट आणि मधे छतापासून लोंबणाऱ्या जाळ्या. दिवे उंचावर, त्यातले काही गेलेले. सेक्रेटरींना विचारलं की पुढच्या आठवड्यात नक्की म्हणतात, आणि त्यांचा पुढचा आठवडा काही उजाडत नाही. हवा बिघडली की आमचा सगळा बाजार आत हलतो. छोटी पोरं मऊ बॉल घेऊन एका कोपऱ्यात, मोठी दुसऱ्या, माझा घसा दोन्हीकडे. यंदा हवा इतकी वाईट आहे की आम्ही बाहेर पडलोच नाही म्हण ना. आणि भिंगरी तेव्हापासून हरतेय. ज्यांना ती उन्हात रडवायची, त्या पोरी तिला हसत हसत हरवून जातात.

हरते कशी, तेही सांगते. पोरांच्या मॅचला पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला बॉल आत की बाहेर, ते आपणच सांगायचं. आणि नियम असा, की तुला नीट दिसला नसेल तर तो चांगला धरायचा, पॉइंट समोरच्याचा. बहुतेक पोरं यात काय काय चलाख्या करतात ते मला विचारू नकोस, रोज दोन-चार जणांचे कान उपटते मी. पण भिंगरी? देतच सुटायची. रेषेजवळ पडला, दिला. जरा लांब पडला, तोही दिला. वर्षाच्या शेवटी सगळ्यात प्रामाणिक खेळाडू म्हणून तिला कप मिळाला, तुला फोटो पाठवला होता बघ. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी तर नुसती फुगले होते. आपल्या बाबांची नात शोभते, असं इकडे तिकडे सांगत फिरले. आता ते आठवलं की स्वतःचेच कान उपटावेसे वाटतात रे.

मागच्या रविवारी आत मॅच होती. समोरच्या मुलीचा बॉल रेषेबाहेर चांगला हातभर पडला. गॅलरीतल्या आयांनासुद्धा दिसलं. भिंगरीने तो दिला. शेवटी समोरची मुलगीच जाळ्यापाशी आली आणि बाहेर होता गं, घे तुझा पॉइंट म्हणाली. ही ऐकेना. आत होता, आत होता, म्हणून हट्टाला पेटली. हरली अर्थात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कपडे बदलायच्या खोलीत नेऊन मी तिला फाडून काढलं. एवढं दानशूर व्हायचं असेल तर रॅकेट वाटून टाक म्हणाले, घरी जा म्हणाले. ती खाली वाकून बूट शोधायला लागली. बूट तिच्या पायाशीच होता, दादा, जरासा डावीकडे. आणि ती जमिनीवर हात फिरवत होती, पंजा पसरून, हळूहळू, पुढे मागे.

तो हात मी ओळखला. तूही ओळखला असतास. दिवेलागणीला दारात चपला शोधताना बाबांचा हात असाच फिरायचा. आई म्हणायची, तुमच्या बाबांइतका वेंधळा माणूस जगात नाही, आणि आपण खदाखदा हसायचो. तांब्याला पाय लागला, हसायचो. दारावर कपाळ आपटलं, हसायचो. बाबाही हसायचे आपल्याबरोबर, ते मला जास्त लागतं. छापखान्यातून ते कायम दिवसाउजेडी घरी यायचे, कितीही काम असलं तरी. संध्याकाळनंतर कुणाकडे जायचं म्हटलं की त्यांचं डोकं दुखायचं. शेवटी काहीच दिसेनासं झालं तेव्हा कुठे घरात आंधळेपणा हा शब्द उच्चारला गेला, आणि तोही हळू आवाजात.

दुसऱ्या दिवशी मी भिंगरीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. तुला न विचारता नेलं, त्याबद्दल काय बोलायचं ते समोर येऊन बोल. डॉक्टरबाई कडक आहेत पण खोटं बोलत नाहीत. एका मशीनमध्ये तोंड घालून बसवतात, कडेकडेला बारीक दिवे लागतात, दिवा दिसला की बटण दाबायचं. मी बाहेरून बटणाचा आवाज ऐकत होते. टक, टक, आणि मग काहीच नाही. कितीतरी वेळ काहीच नाही. दिवे लागत असणार, पोर बसून वाट बघत असणार. मी तिथे बसून रडले, सांगून टाकते.

बाबांचंच आहे ते. कडेचं दिसणं आधी जातं, अंधारातलं त्याच्याही आधी. मधलं राहतं, बरीच वर्षं राहील म्हणाल्या, पण थांबवणारं औषध नाही. उन्हात, मजा म्हणून, अजून काही दिवस खेळू दे. मोठी तुकडी मात्र विसरा. भिंगरीने ते ऐकून मान हलवली, जणू तिला गृहपाठ सांगितलाय. मी माझेही डोळे तपासून घेतले. ठणठणीत आहेत. आणि खरं सांगू, त्याची मला लाज वाटते.

मग बाईंनी विचारलं, घरात आणखी कुणाला? मी म्हणाले, माझ्या वडिलांना. मला तेवढंच माहीत होतं. भिंगरी माझ्याकडे न बघता म्हणाली, आणि माझ्या बाबांना.

दादा, तिला सगळं माहीत आहे, घरी येताना तिनेच मला सांगितलं. लहानपणापासून ती तुला बघत आलीये. जिन्यात तू आधी पाय पुढे सरकवून पायरी चाचपतोस, सिनेमागृहात तिचा खांदा धरून चालतोस आणि वर म्हणतोस, लेकीचा लाड करतोय. रात्रपाळी पित्तामुळे सोडली असं तू मला सांगितलंस आणि मी वेडी तुला औषधं सुचवत बसले. दरवर्षी डेपोत डोळे तपासतात, तू तक्त्यावरची अक्षरं घडाघडा वाचतोस आणि पास होतोस. होणारच. डॉक्टरबाई म्हणाल्या, मधलं शाबूत असलं की तक्ता शेवटपर्यंत वाचता येतो. हॉलमध्ये तिला स्वतःला कमी दिसायला लागलं, तेव्हा हे काय आहे ते तिने तुझ्यावरूनच ओळखलं. आणि लपवलं कशासाठी, तर आपल्यामुळे पोरीला झालं असं बाबाला वाटेल म्हणून. तू तिच्यापासून लपवतोस, ती तुझ्यापासून. काय घर आहे रे आपलं! तुम्हा दोघांना समोरासमोर उभं करून दोन-दोन ठेवून द्याव्यात असं वाटलं, आणि मग वाटलं, कुशीत घ्यावं.

एवढं सगळं सांगायला तू सुट्टीला येईपर्यंत थांबताही आलं असतं. पण काल खेळून परत येताना आम्ही रस्ता ओलांडायला थांबलो होतो. समोरून एक बस वळली, आणि कडेने एक बाई पोराला घेऊन चटकन रस्त्यावर उतरली. काही झालं नाही, ड्रायव्हरने ब्रेक दाबला. भिंगरीने माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. घरी आलो. मग म्हणाली, आत्या, मला बॉल दिसला नाही की मी तो समोरच्याला देऊन टाकते. बाबाला नाही दिसलं तर तो काय करतो? हे तुला विचारायला ती कितीदा लिहायला बसली आणि कागद फाडून उठली. म्हणून मी लिहिलं. दादा, उद्या पाळीवर जाऊ नकोस. डेपोत जा, साहेबांना खरं सांग, किल्ली टेबलावर ठेव, आणि वहिनीला घेऊन दिवसाच्या गाडीने इकडे ये. पोर तुकडीसाठी रडत नाहीये. तुझी पाळी पहाटे सुरू होते, तेव्हा ती उठून बसते आणि तुझी पाळी संपेपर्यंत काही खात नाही.

तुझीच,
बारकी