दर तीन महिन्यांनी एक शिक्का

४ मार्च
दादा बाबांची गाडी दारात लावून गेला. मृत्युपत्रात माझ्या नावावर! मी स्वतःच्या मनाने लग्न केलं म्हणून बाबांनी अकरा वर्षं माझं नाव तोंडातून काढलं नाही, आणि कागदावर मात्र लिहिलं. दादा टेकलासुद्धा नाही. "तुझी वस्तू तुला पोचली," एवढंच.

लांबलचक काळी महागडी गाडी. माझ्या शिवणाच्या दुकानापुढे उभी, तर गिऱ्हाईकं बिचकतात. विकून टाकणार.

५ मार्च
ऊन! समोर मोठ्या इमारतीची पाठ आहे, तिच्या वरच्या काळ्या काचेवरून उलटून थेट सुईवर येतं. रोजचंच. पडदा ओढायचा, ट्यूब लावायची, दोनपर्यंत तसंच शिवायचं.

७ मार्च
गाडी बघायला एक गृहस्थ आले. आधी सर्व्हिसची वही मागितली. कप्प्यात होती. तेल, फिल्टर, ब्रेक – प्रत्येक ओळीपुढे बाबांची सही. दर तीन महिन्यांनी शिक्का, पाच वर्षं. माझ्या लग्नाला आले नाहीत, गाडीची तारीख एकदाही चुकवली नाही. गृहस्थ खूश. "यंदाची सर्व्हिस तेवढी करून द्या," म्हणाले.

मग शिक्क्यावरचा पत्ता वाचला. पलीकडच्याच रस्त्यावरचं वर्कशॉप – तीच समोरची इमारत! चार तास गाडी हाकत इथे यायचं, आणि कोपरा वळून लेकीकडे यायला पाय जड.

हे म्हणाले, "गेलेल्या माणसावर कसला राग धरतेस?" जिवंत होते तेव्हा धरायला समोर कुठे आले?

१० मार्च
वर्कशॉपला फोन. तिथल्या बाई म्हणाल्या, "ताई, हिला वर्षातून एकदाच सर्व्हिस लागते. किंवा पंधरा हजार किलोमीटर, जे आधी होईल ते." मग हे तीन-तीन महिन्यांनी? "आम्ही साहेबांना दर वेळी सांगायचो, तेल स्वच्छ आहे, तुमच्या गावातही आमची शाखा आहे. ऐकायचे नाहीत. बदला म्हणायचे आणि वर जाऊन बसायचे."

काय ते चोचले! गेल्या वर्षी मी दोन महिने अंथरुणाला खिळले होते, दुकान बंद. तारखा ताडून पाहिल्या. त्या दोन महिन्यांत चार शिक्के. लेक मरणाच्या दारात, आणि बाबा तेल बदलतायत.

रडले. रागानेच.

१२ मार्च
गाडी सर्व्हिसला दिली. वर बसायला सांगितलं. काळ्या काचेला लावून एकच खुर्ची. खाली माझं दुकान, पडदा ओढलेला.

बाई पाणी घेऊन आल्या. "साहेबांची हीच जागा," म्हणाल्या. "दोनला तो पडदा उघडला की थोडा वेळ बघायचे, मग निघायचे. मध्यंतरी उघडतच नव्हता, तेव्हा सारखे यायचे."

एक जिना उतरायचा होता फक्त.